आठवणच गेली तर देव कुठे राहतो?

उंबरठा :

माझे बाबा आयुष्यभर नामस्मरण करत आले. कुणाला दाखवायला नाही, शिकवायलाही नाही, काम चालू असताना ओठ किंचित हलताना दिसायचे इतकंच. आता त्यांना अल्झायमर आहे. आधी कालपरवाचं विसरायला लागले, मग माझं नाव गेलं, मग आईचं, आणि आता नामही गेलंय. मी शेजारी बसून म्हटलं तर ऐकतात, माझ्याकडे बघून हसतात, कधी विचारतात, कुणाला हाक मारतेयस? ज्याला जन्मभर स्वतः हाक मारली त्याच्याबद्दल हा प्रश्न. तेव्हापासून देव आणि साक्षात्कार याबद्दल मी जे काही धरून बसले होते ते सगळं पुन्हा तपासायला घेतलंय. इथे मांडतेय कारण घरात कुणाशी हे बोलता येत नाही, सगळे आधीच थकलेत.

माझ्यापुरतं सांगते. मी बरीच वर्षं नेमाने ध्यान करते. एका पहाटे बसले होते, श्वासाकडे लक्ष होतं, आणि कधीतरी लक्ष देणारी कोणी उरलीच नाही. बाहेर पक्षी ओरडत होते, डावा पाय बधिर झाला होता, हे सगळं होतं आणि लख्ख होतं, पण ते कुणाला होतंय हा प्रश्नच उठत नव्हता. भीती नव्हती, आणि आनंद म्हणावा तर तसा उसळणारा आनंदही नव्हता. मग पाय हलवला आणि 'मी' परत आले. त्यानंतर कितीतरी दिवस कुणावर चिडणं जमतच नव्हतं. वाटलं होतं की दार उघडलंय, आता फक्त आत जायचंय.

आता बाबांकडे बघून वाटतं की माझ्याकडे त्या पहाटेचं उरलंय काय तर आठवण. आणि आठवणींचं काय होतं ते तर रोज समोर दिसतंय. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागाला साधारणपणे आधी फटका बसतो, मग आजार पसरत जातो. म्हणजे ज्ञान ही मनाची अवस्था असेल तर ती एक दिवस काढून घेतली जाऊ शकते. आणि मनाच्या पलीकडचं काही असेल तर ते झालंय हे कळणार कुणाला?

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 1901 साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या बाईंना तपासलं, ज्यांच्यावरून त्यांनी 1906 मध्ये हा आजार मांडला, त्या बाई स्वतःबद्दल म्हणाल्याची नोंद आहे की मी मला हरवून बसलेय. हे वाचून मला पुढचं वाचवेना. कारण सगळे साधक हेच तर मागतात ना, 'मी' हरवू दे म्हणून? मग एकाचं हरवणं मुक्ती आणि दुसऱ्याचं आजार, हे कशावरून? एक नातेवाईक म्हणाले की बाबा आता परमहंस अवस्थेला, म्हणजे 'मी' गळून पडलेल्या सिद्धाच्या अवस्थेला पोचलेत. सांत्वनासाठीच म्हणाले, पण मला ते अजिबात पटलं नाही. फरक आहे हे आतून जाणवतं, नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही.

आणि देव. गीतेच्या आठव्या अध्यायात सरळ म्हटलंय की अंतकाळी माझंच स्मरण करत जो देह सोडतो तो मला येऊन मिळतो. मग ज्याला स्मरणच करता येत नाही त्याचं काय? स्मरणशक्तीची परीक्षा घेणारा देव मला नको आहे. कृपया धीराचे शब्द नकोत, विचार हवेत.

सहजभाव :

@उंबरठा, नमस्कार. प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सावकाश लिहितोय.

वेदान्त इथे गाढ झोपेचा दाखला देतो. गाढ झोपेत तुमचं नाव नसतं, नाती नसतात, देवही नसतो, तरी उठल्यावर आपण म्हणतो की छान झोपलो, काही कळलं नाही. 'काही कळलं नाही' हे ज्याला कळलं तो कोण? मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती या तिन्हींच्या पलीकडे ज्याला चौथं म्हटलंय ते म्हणजे आणखी एखादी अवस्था नव्हे, या तिन्ही ज्याच्यामुळे आहेत ते. आजार या तीन अवस्थांमध्ये ढवळाढवळ करेल, त्या चौथ्याला हात कसा लावणार?

रमण महर्षींचं बघा. 1896 साली मदुराईत, वय 16, अचानक मरणाची भीती आली म्हणून ते आडवे झाले, मेल्यासारखे पडून राहिले आणि मरतंय कोण ते बघितलं. जे दिसलं ते नंतर गेलं नाही असं ते सांगत. तुमची पहाट आली आणि गेली. जे येतं आणि जातं ते ज्ञान नव्हे असंच त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा त्या पहाटेची आठवण गेली तर काय, याची भीती बाळगू नका, कारण ती पहाट म्हणजे फक्त खूण होती.

पारखी :

मी देव मानत नाही, पण प्रश्न मला लागलाय. माझ्या आईला हाच आजार होता.

सहजभाव, झोपेचा मुद्दा आपल्याच परंपरेत बिनविरोध नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, म्हणतात की उठल्यावर तुम्ही अनुमान करता. अंग हलकं आहे, मधला वेळ आठवत नाही, म्हणजे झोप छान झाली असणार. तिथे कुणी साक्षी जागा होता असं त्यातून सिद्ध होत नाही. अद्वैती, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणारे वेदान्ती, याला अनुमान मानत नाहीत, ती आठवणच आहे म्हणतात. पण मग पुन्हा गाडी आठवणीवरच आली ना? आणि उंबरठा यांचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

दुसरं म्हणजे ब्रह्मज्ञान हे अंतःकरणाच्या वृत्तीतूनच, म्हणजे मनाच्याच एका व्यापारातून होतं असं अद्वैतही मानतं. अंतःकरणाला मेंदू लागत नाही असं म्हणायची सोय मला दिसत नाही. माझी आई अतिशय सौम्य बाई होती, शेवटी शेवटी ती मारायची, शिव्या द्यायची. तिचा खरा स्वभाव कुठेतरी आत शाबूत होता असं मला लोक सांगायचे. मला तो कुठेही सापडला नाही. न्यायदर्शनात तर मोक्ष मिळालेल्या आत्म्याला सुख, दुःख, जाणीव यातलं काहीच नसतं, आणि त्यावरून इतर दर्शनांनी त्यांची टिंगल केली की मग दगड होणं काय वाईट. मला तेच मत सर्वांत प्रामाणिक वाटतं.

रात्रपाळी :

मी नर्स आहे, वृद्धांच्या केंद्रात, बहुतेक ड्यूटी रात्रीची. तत्त्वज्ञान मला फारसं येत नाही. जे बघते ते लिहिते.

संध्याकाळ झाली की घालमेल सुरू होते. घरी जायचंय म्हणतात. ज्यांचं घर आता नाहीच तेही म्हणतात. आणि दुसरं, माझी पिशवी कुणी घेतली, माझे पैसे कुठे आहेत. पिशवीत काय होतं ते आठवत नाही, पण ती माझी होती हे पक्कं असतं. स्वतःचं नाव विसरलेल्या माणसाला सुद्धा.

हात विसरत नाहीत लवकर. एक आजी आहेत, बोलणं जवळपास थांबलंय, पण टॉवेल दिला की कडेला कडा जुळवून अशी घडी घालतात की मला तशी जमत नाही. गाणंही बराच काळ टिकतं. एक आजोबा आहेत, मी कोण ते त्यांना रोज नवीन असतं, पण मी कॉटपाशी उभी राहिले की पाय आखडून मला बसायला जागा करून देतात. हे कुठून येतं मला माहीत नाही.

आणि भाव राहतो. 2014 साली आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी फिल्म दाखवून अभ्यास केला होता, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितला होता. काय बघितलं ते बहुतेक विसरले होते पण मनात आलेलं दुःख किंवा आनंद त्यानंतरही अर्धा तासापर्यंत टिकून होता. म्हणून आम्हाला शिकवतात की त्यांना आठवणार नाही म्हणून कसंही बोलू नका.

उंबरठा ताई, बाबा नाम विसरले पण तुम्ही म्हणत असताना हसतात असं तुम्हीच लिहिलंय. मी असते तर म्हणणं थांबवलं नसतं.

उंबरठा :

रात्रपाळी, तुमच्या पिशवीच्या दोन ओळींनी मी जे शोधत होते ते हातात दिलं. बाबांचंही अगदी तेच आहे. चष्म्याची रिकामी डबी उराशी धरून बसतात आणि कुणी हात लावला की घाबरतात. नाव गेलं, नाती गेली, ज्ञान गेलं, आणि 'माझं' तेवढं मागे राहिलं, एकटं आणि घाबरलेलं. म्हणजे विसरल्याने 'मी' जात नाही. 'मी'ची माहिती जाते, पकड राहते.

आणि रमण महर्षींचं जे वाचलंय त्यात नेमकं उलटं दिसतं. पहाटे उठून स्वयंपाकघरात भाज्या चिरायचे, आश्रमाच्या पुस्तकांची प्रुफं तपासायचे, सगळी बुद्धी, सगळं कौशल्य जागेवर, फक्त हे माझं म्हणून धरणारं कुणी नाही. तर फरक इथे आहे. आजारात ज्ञान जातं आणि पकड राहते, साक्षात्कारात पकड सुटते आणि ज्ञान जागेवर राहतं. परमहंस अवस्था वगैरे म्हणणाऱ्यांना मी आता हे सांगू शकेन. बाबांची भीती ही भीतीच आहे, तिला अध्यात्माचं नाव देऊन त्यांना तिच्यात एकटं सोडणं मला चुकीचं वाटतं.

पारखी, तुमच्या आईबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. तुमचा अंतःकरणाचा मुद्दा मला खोडता येत नाहीये आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही.

मृदा :

मी अद्वैत वगैरे जाणत नाही, ज्ञानेश्वरी रोज वाचते एवढंच. तुमचा अंतकाळाचा प्रश्न माउलींनी स्वतःच विचारून घेतलाय, आठव्याच अध्यायात, जरा पुढे, सतत स्मरण करणाऱ्या भक्ताबद्दलच्या श्लोकावर. तिथे देवच म्हणतो की भक्ताने देह सोडताना मला आठवावं आणि मग मी यावं, असं असेल तर त्याच्या उपासनेला काय अर्थ राहिला? एखादा दुबळा अडचणीत सापडून काकुळतीने नारायणाला हाक मारतो तर त्याच्यासाठीही मी धावतोच ना? मग भक्तालाही तोच नियम लावायचा तर भक्ती करावी कुणी? आणि पुढे तर देव स्वतःला भक्ताचा ऋणकरी म्हणतो. ऋण फेडायचं म्हणून भक्त देह सोडत असताना मीच त्याची सेवा करतो, म्हणतो. 1290 साली लिहिलेलं आहे हे, आणि तुमच्या बाबांसाठी लिहिल्यासारखं आहे.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये वराह चरम श्लोक म्हणून दोन श्लोक फार मानतात. वराहरूपातला देव भूदेवीला सांगतो की मन धड असताना, शरीर ठीक असताना ज्यानं माझं स्मरण केलं तो मरताना लाकडासारखा, दगडासारखा पडलेला असला तरी मी माझ्या भक्ताला आठवतो आणि त्याला परमगतीला नेतो. बघा, दगडाचा उल्लेख इथेही आहे, पण किती वेगळ्या अर्थाने. आठवायचं काम माणसाचं संपलं की ते देव स्वतःकडे घेतो.

तुमच्या बाबांनी त्यांचा वाटा उचललाय.

शून्यवाट :

मी विपश्यना करतो, त्यामुळे देवाबद्दल बोलणार नाही. पण हीच भीती एका माणसाने बुद्धांना बोलून दाखवली होती, ती सांगावीशी वाटते. महानाम शाक्य, कपिलवस्तूचा. तो म्हणतो, तुमच्याजवळ, भिक्षूंजवळ बसून संध्याकाळी गावात परततो, रस्त्यात मोकाट हत्ती, घोडे, गाड्या, माणसं यांची गर्दी असते, आणि त्या गोंधळात बुद्ध, धर्म, संघ यांची स्मृतीच राहत नाही. त्या क्षणी मेलो तर माझी गती काय? बुद्ध म्हणतात, भिऊ नकोस. जे झाड पूर्वेकडे झुकलेलं, कललेलं आहे ते मुळाशी तोडलं तर कुठल्या बाजूला पडेल? महानाम म्हणतो, ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूला.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की बुद्धांनी शेवटच्या क्षणाला काहीच किंमत दिली नाही, सगळी किंमत मन कुठे झुकलंय त्या कलाला दिली. आणि कल हा स्मृतीत नसतो. रात्रपाळी यांचे आजोबा पाय आखडून जागा देतात तो कल आहे. पारखी, तुमच्या आईचं मारणं हे आजाराचं होतं असं मी म्हणेन, पण तुम्ही तिथे होता, मी नव्हतो, म्हणून यावर हट्ट धरत नाही.

माझ्या साधनेचा मात्र रोख बदललाय. आधी बसायचो ते काहीतरी घडावं म्हणून, संवेदना सूक्ष्म व्हाव्यात, शरीर विरघळावं. आता बसतो ते कल राहावा म्हणून. त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही.

पारखी :

शून्यवाट, झाडाची गोष्ट मला माहीत नव्हती. चांगली आहे. तरी मला विचारायचंय की कललेलं झाडही वादळात उलट्या बाजूला पडू शकतं की नाही? मी तसं पडलेलं बघितलंय.

मृदा, तुम्ही सांगितलेला देव सुंदर आहे, आणि मला तोच त्रास आहे, की तो इतका सुंदर आहे की आपल्याला तो हवा म्हणून आपण घडवलाय असं वाटतं. उंबरठा, मी एवढंच म्हणेन की तुमच्या बाबांना आठवणारं कुणी आहे, ते तुम्ही आहात. त्याच्यावर देवाचा मजला चढवायची गरज आहे का?

सहजभाव :

पारखी यांना अंतःकरणाबद्दल उत्तर द्यायचं राहिलं होतं. विद्यारण्यांनी 14 व्या शतकात जीवन्मुक्तीवर लिहिताना तत्त्वज्ञानाच्या, म्हणजे सत्य कळण्याच्या, जोडीला वासनाक्षय (जुन्या ओढी झिजणं) आणि मनोनाश (मनाची धाव शमणं) हे दोन्ही सांगितलेत, नुसतं एकदा कळून भागत नाही. म्हणजे परंपरेलाही हे माहीत होतं की कळलेल्या माणसाचं मन त्याला परत ओढू शकतं. यापुढे मला अनुभवाने बोलता येत नाही, म्हणून थांबतो. माझ्या पहिल्या प्रतिसादात जे ठामपणे लिहिलंय ते माझी श्रद्धा आहे असं समजून वाचावं.

उंबरठा :

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. मला काय वाटतं ते आता लिहिते.

त्या पहाटेकडे मी पुन्हा बघितलं. इतकी वर्षं मी ती जपली, मनात कितीदा उघडून बघितली, कुणाला सांगू नये म्हणून सांभाळली. माझा अनुभव, माझी पहाट. बाबांच्या हातात चष्म्याची डबी आहे आणि माझ्या हातात ती पहाट आहे, धरण्याची रीत एकच. आणि गंमत म्हणून नाही, खरंच असं आहे की त्या पहाटे जे काही होतं त्यात धरणारी कुणी नव्हती म्हणून तर ते तसं होतं. तेव्हा साक्षात्कार ही माझ्याकडे असण्याची गोष्टच नाही असं मला आता वाटतं. 'मला झाला' म्हटलं की तो वस्तू होतो, आणि वस्तू हरवतात. झालाच तर तो एखाद्याच्या वागण्यात कमी झालेल्या भीतीत दिसेल, आणि बहुतेक त्या माणसाला स्वतःला सर्वांत शेवटी कळेल, किंवा कळणारही नाही. ध्यान मी सोडलेलं नाही. बसते तेव्हा त्या पहाटेची वाट बघायचं सोडलंय, ते मात्र फार जड गेलं.

देवाबद्दल मला आजवर दोन वेगळे विचार दोन बाजूंना ओढत होते. एक, देव म्हणजे ज्याच्याशी बोलावं असा कुणीतरी. दुसरा, ज्याच्यात मी, बाबा, आठवणं आणि विसरणं हे सगळंच होतं असं काहीतरी, ज्याला तोंड नाही, ज्याच्याशी बोलायचं म्हणजे कुणाशी बोलायचं तेच कळत नाही. बुद्धीला दुसरा पटतो. पण रात्री तीनला बाबा ओरडत उठतात तेव्हा मी पहिल्यालाच हाक मारते, आणि ती हाक खोटी आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. हे दोन जुळवायचा हट्ट मी सोडून देतेय. ज्ञानदेवांनी अद्वैत पूर्ण मांडून झाल्यावरही देवाला भक्ताची सेवा करायला लावली, तर मी कोण निवड करणारी.

पारखी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते कारण तो सर्वांत खरा होता. मी आठवते म्हणून बाबा आहेत असं मानलं तर सगळा भार फिरून आठवणीवरच येतो, फक्त त्यांच्याऐवजी माझ्या. हा आजार उद्या मलाही होऊ शकतो, तेव्हा काय? आणि रात्रपाळी, तुमच्या केंद्रात असेही असतील ना ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, ज्यांची नावं सांगणारं मागे कुणी उरलेलं नाही? त्यांचं असणं कुणाच्या आठवणीवर टिकलंय? माणसाच्या आठवणीपाशी थांबलं तर ती माणसं आताच पुसली गेलीत असं म्हणावं लागेल, आणि ते मला मान्य नाही, कितीही पुरावा मागितलात तरी नाही. मला देव लागतो तो त्यांच्यासाठी.

रात्रपाळी :

हो, आहेत. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या आजी त्यातल्याच.

पारखी :

@उंबरठा, याला माझ्याकडे प्रतिवाद नाही. पटलं असंही म्हणणार नाही. मृदा, ज्ञानेश्वरीच्या आठव्या अध्यायातल्या त्या ओव्यांचे क्रमांक दिलेत तर बरं होईल, मूळ वाचायचंय.